ब्रेक नसलेली चाकं

इंदू मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते डोळे मिटून एका सोफ्याला धडक देताना.

आदिलाबादच्या एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात मी बिजागऱ्यांची पेटी पोचवायला गेलो होतो. दुकानाच्या मधोमध साठी ओलांडलेली एक उंच, ताठ बाई उभी होती. फिकट निळी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. तिनं डोळे मिटले आणि सरळ चालत सुटली. मांडी सोफ्याला लागली तशी थांबली, डोळे उघडले आणि सोफा किती सरकला ते वाकून पाहिलं. सोफा कशाला सरकतोय! तीन माणसांचा सोफा, आत पलंग, पलंगाखाली गाद्यांचा कप्पा. जागचा हलला नाही.

"नापास," बाई म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे वळली.

दुकानातला माणूस घाबरून मागे धावला. "मॅडम, बैठके तो देखिये!"

"बैठाले नाई पायजे बाबू, धडकाले पायजे."

मला हसू आवरेना. दुकानदार माझ्या कानात पुटपुटला, "तासभर झाला, गजूसेठ. सात वस्तू नापास केल्या हिनं. एकाला पन हात लावून भाव नाई इचारला." मी मनात म्हटलं, गजानन, असं गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच येतं, सोडू नको. पुढे होऊन म्हणालो, "मॅडम, तुमाले सरकणारी वस्तू पायजे ना? माह्या दुकानात चाकं हायेत. फळीले लावा, पेटीले लावा, पलंगाले लावा."

बाईनं मला असं पाहिलं, जसं शाळेत उशिरा आलेल्या पोराला पाहतात. "दुकान कुठं हाये तुमचं?"

मी पत्ता सांगितला तशी ती पहिल्यांदा हसली. "म्हणजे तुमी माह्या खाली हा."

तिनं माझ्याच डोक्यावरची खोली घेतली होती.

आमची इमारत म्हणजे खाली माझं हार्डवेअरचं दुकान आणि वर एकेका खोलीची चार घरं. त्याच खोलीत स्वयंपाकाचा ओटा, एका कोपऱ्यात न्हाणी, पुढे हातभर गॅलरी. बिल्डरनं पाटीवर 'स्टुडिओ' असं लिहून ठेवलं होतं. पहिल्याच लग्नसराईत दोन नवी जोडपी फोटो काढायला जिना चढून गेली आणि घामाघूम होऊन उतरली. अशा खोलीत एका माणसानं राहायचं तर दिवसा पलंग नाहीसा व्हावा, रात्री टेबल नाहीसं व्हावं, हे कुणालाही कळतं. पण मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. वस्तू कमी, प्रत्येकीला दोन-तीन कामं, सगळ्यांना चाकं. कोपरा एकही नाही, सगळे गोल. आणि चाकांना ब्रेक नको.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. ब्रेकचं चाक म्हणजे ज्याला पायानं दाबायची एक पट्टी असते. दाबली की चाक जाम. पलंगाला बिनब्रेकचं चाक लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी म्हणालो, "मॅडम, झोपेत कूस बदलली की पलंग गॅलरीत जाईन."

"जाऊ द्या."

"तुमी पडसान ना!"

"झोपलेला माणूस कुठं पडते? चालणारा पडते." आणि मग ज्या शांतपणे त्या पाढे शिकवत असतील त्याच शांतपणे म्हणाल्या, "सेठ, माही एकच अट हाये. या खोलीत कोणी पडाले नाई पायजे. धक्का लागला तं वस्तूनं सरकाव. माणसानं नाई."

ही अट कुठून आली ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, रंगाच्या डब्यावर बसून, कपातल्या चहाकडे बघत. इंदू मॅडम बाजारहत्नूरकडच्या मराठी शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिक्षिका होत्या, शेवटी हेडमास्तरीण. लग्न केलं नाही. घरात त्या आणि मोठी बहीण लीलाबाई. लहानपणी देवी आल्या त्यात लीलाबाईचे डोळे गेले. पण घरात ती डोळसाहून तेज. भाकरी थापायची, गहू निवडायची, जिभेनं दोरा ओला करून सुईत ओवायची, आणि अंगणात कोण आलं ते पायावरून सांगायची. हे सगळं एकाच गोष्टीवर चालायचं. घरातली एकही वस्तू चाळीस वर्षांत जागची हलली नव्हती. दारापासून सात पावलांवर रांजण, रांजणापासून डावीकडे तीन पावलांवर खाट, खाटेपासून चार पावलांवर चूल. लीलाबाई मनात मोजत फिरायची.

मग एका साली चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी, सगळी वस्ती करते तसा, मॅडमनी घराला चुना दिला. चुना ओला होता. खाट भिंतीला लागून डाग पडू नये म्हणून त्यांनी ती परत ठेवताना भिंतीपासून वीतभर अलीकडे ठेवली. उद्या सरकवू म्हणून. संध्याकाळी मिरवणुकीचा आवाज आला तशी लीलाबाई लगबगीनं दाराकडे निघाली.

"एक वीत," मॅडम म्हणाल्या आणि अंगठा आणि करंगळी ताणून मला वीत दाखवली. जणू मी ती कधी पाहिलीच नव्हती. "मांडीचं हाड मोडलं. अठरा दिवस होती मंग."

मी जाऊन बिनब्रेकची चोवीस चाकं काढली.

फर्निचर केलं ते पोशेट्टीनं. पोशेट्टी म्हणजे आमच्या गल्लीतला वाढई. तेलुगू माणूस, पण मराठी, हिंदी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत एकदम बोलतो आणि तिन्ही चुकवतो. त्यानं टेप काढला. मॅडमनी तो गुंडाळून त्याच्या खिशात घातला.

"टेप नाई. पावलं."

आणि खोलीचं माप द्यायला त्या स्वतः चालू लागल्या. मी दारात उभा होतो म्हणून सांगतो. मॅडम एवढ्या उंच, त्यांची ढांग एवढी लांब की बाजारात मला त्यांच्याबरोबर पळावं लागे. पण त्या खोलीत त्या चिमुकली, बुटक्या बाईची पावलं टाकत होत्या. आधी अंगठा जमिनीला लावायचा, मग टाच. तोंडानं मोजत होत्या. सात. तीन. चार. पोशेट्टी माझ्याकडे सरकून कुजबुजला, "सेठ, हे टीचरम्माचे पाय नै."

वस्तू मात्र त्यानं अशा केल्या की आजही मी गिऱ्हाइकांना त्यांचं वर्णन करून सांगतो. एक दिवाण, खाली तीन खण, दिवसा बैठक, रात्री पलंग. एक पेटी, तिच्यात धान्य, तिच्यावर फळी टाकली की जेवायचं टेबल, फळी उभी केली की इस्त्रीची. पुस्तकांचं एक कपाट, ते फिरवलं की ओट्यासमोर पडदा. आणि एकात एक बसणारी तीन स्टुलं. सगळ्यांचे कोपरे घासून एवढे गोल केले की हात लावला तर लोटा वाटावा. बोटानं ढकललं की वस्तू सरकायची.

मॅडमच्या सवयींची मग सगळ्या गल्लीला ओळख झाली. अर्धं उघडं दार त्यांना बघवत नसे. एक तर पूर्ण उघडा, नाहीतर लावा. "अर्धं दार म्हणजे अर्धा खून," असं म्हणत त्या बाजारातून जाताना लोकांच्या दुकानांची अर्धी शटरं वर सारायच्या, उभ्या गाड्यांची लोंबकळणारी दारं बंद करायच्या. एकदा पोलिसांच्या जीपचं केलं. वाटेत चप्पल दिसली की ती उचलून भिंतीशी. आणि स्वतःच्या खोलीत जायच्या आधी त्या दारावर टकटक करत. कुलूप आपण काढायचं, खोली रिकामी, आणि टकटक करून थांबायचं. माझी बायको हे पाहून आली आणि म्हणाली, "अहो, त्या कोणाले इचारून राह्यल्या?"

"एकटीच राहते, सवय असते," मी म्हणालो. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

कापसाचा हंगाम सरला, ऊन चढलं. आमच्याकडे दुपारी बारा वाजता रस्ता असा तापतो की कुत्रं सुद्धा सावलीसाठी विचारून दुकानात येतं. मॅडम रोज बरोबर बाराला खाली यायच्या आणि एकपर्यंत माझ्या दुकानात रंगाच्या डब्यावर बसायच्या. मला वाटे पंख्यासाठी येतात. पेपर वाचायच्या, माझ्या पाट्यांवरचं शुद्धलेखन तपासायच्या, 'खिळे' ऱ्हस्व की दीर्घ यावरून माझे कान उपटायच्या.

एका दुपारी त्या अशाच बसल्या होत्या. गिऱ्हाईक नाही. वीज गेलेली, त्यामुळे पंख्याचा घरघराटही नाही. आणि माझ्या डोक्यावर चाकं फिरली.

हळू. गर्रर्र. थांबली. पुन्हा गर्रर्र. मी धंद्याचा माणूस, मला आवाजावरून कळलं, ही पेटीची चाकं. आवाज दारापासून निघाला, ओट्याकडे गेला, थांबला.

मी वर पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं. त्या पेपर वाचत होत्या.

"मॅडम, वरतं कोण हाये?"

"लीलाबाई," त्या पान उलटत म्हणाल्या. "शिकून राह्यली."

मी चहाचा कप खाली ठेवला. "काय शिकून राह्यली?"

"खोली. नवीन हाये ना तिले. पेटीले लागली असन. पडल्याचा आवाज आला का? नाई ना? मंग ठीक हाये."

"मंग तुमी खाली काऊन बसता?"

"सेठ, मास्तर वर्गात उभा राह्यला की लेकरू जास्त चुकते. एक तास एकटं सोडा लागते."

मी हिंमत करून म्हणालो, "मॅडम, तुमी तं भूतबित मानत नाई. तुमीच तं पोशेट्टीच्या गळ्यातला ताईत काढाले लावला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थोडी कीव होती. "भूत काऊन म्हणता तिले? माही बहीण हाये ते."

त्यानंतर मी रोज बाराला कान लावून बसू लागलो. खोटं कशाला बोलू, मला मजाही यायची. भीती वाटायची, आणि बारा कधी वाजतात असंही व्हायचं. आठवड्याभरात मला आवाज ओळखू यायला लागले. दिवाणाची चाकं जड, कपाटाचं एक चाक किंचित करकरायचं, स्टुलांची टुणटुण. पहिल्यांदा दर दोन मिनिटांनी काहीतरी सरकायचं. मग पाच मिनिटांनी. मग कधी पाऊण तासात एकदाच. मॅडम पेपरवरून डोळे न काढता म्हणायच्या, "सुधारून राह्यली."

पण मजा फक्त माझी होती. माझी बायको दुपारी दुकानात डबा घेऊन येईना. शेजारचा कापडवाला मुद्दाम येऊन छताकडे बघायचा आणि पानाची पिंक टाकून जायचा. एक गिऱ्हाईक नळाच्या तोट्या निवडता निवडता वर बघून थबकलं आणि तोट्या तिथंच सोडून गेलं. मग मी एक काम केलं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मॅडम एका सकाळी पेन्शनच्या कामाला गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे ठेवत, ते नेहमीचंच होतं. चाकांना तेल द्यायचं म्हणून मी वर गेलो आणि पेटीच्या चार चाकांपैकी दोन बदलून ब्रेकची लावली. आणि पट्टी दाबून ठेवली. मनात एवढंच होतं, की पेटी जाम केली आणि आवाज बंद झाला तर ही सगळी फरशीच्या उताराची करामत आहे हे सिद्ध होईल. आणि बायको परत डबा घेऊन येईल.

मॅडम परतल्या. बारा वाजता खाली येऊन बसल्या. मी त्यांना पेपर दिला. दहा मिनिटं काही नाही. मी मनातल्या मनात पाठ थोपटली.

आणि वर कोणी तरी पडलं.

चाकं नाही. वस्तू नाही. माणूस पडतो तेव्हा आधी गुडघा, मग कोपर, मग सगळं अंग, असा तीन वेळा आवाज येतो. तसा आला. आणि त्याच्याबरोबर बांगड्या फुटल्या.

मॅडम माझ्या हातातल्या चहाला धडकून पळाल्या. मी मागे. जिना दोन-दोन पायऱ्यांनी. दारावर टकटक न करता त्यांनी ते ढकललं. खोलीत लख्ख ऊन होतं. कोणी नव्हतं. पेटी खोलीच्या मधोमध, जागच्या जागी, खुंट्यासारखी उभी.

मॅडमनी पेटीला हात लावला. ढकलली. पेटी हलली नाही. त्या खाली बसल्या आणि चाकं पाहिली. किती तरी वेळ त्या पट्टीकडे पाहत होत्या. मग एका बोटानं, लहान मुलाच्या पायातला काटा काढावा तशी, ती पट्टी वर उचलली. दुसरी पण उचलली.

मी म्हणालो, "मॅडम, मी..."

"झाडू द्या."

मी कोपऱ्यातला झाडू दिला. त्यांनी पेटीभोवतालची फरशी झाडली. बारीक, कणाकणानं, जसं फुटलेल्या काचा झाडतात तसं. ओट्याखाली, दिवाणाखाली. सुपलीत काय आलं ते मी वाकून पाहिलं. काही नव्हतं. ते काही नसलेलं त्यांनी कागदात गुंडाळलं आणि डब्यात टाकलं. "अनवाणी असते ते," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले. "माहे नाई, तिचे. मी पण हेच केलं होतं."

त्यानंतर नऊ दिवस मॅडम खाली आल्या नाहीत. आणि वर काही वाजलं नाही. मी दुपारी बाराला पंखा बंद करून कान छताला लावायचो. काही नाही. ही शांतता त्या आवाजापेक्षा वाईट होती, हे मी शपथेवर सांगतो. मी ब्रेकची चाकं काढून आधीची लावून आलो, मॅडमनी दार उघडलं, लावू दिलं, पाणी दिलं, बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी वर एकच टुण झालं. स्टूल. मी दुकानात एकटाच होतो आणि मी टाळी वाजवली.

पण तोवर माझ्या बायकोनं हैदराबादला फोन केला होता. मॅडमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा मिलिंद, तिकडे इंजिनीअर. लहानपणी सुट्ट्यांत या दोन्ही मावश्यांकडे राहिलेला. बायकोनं त्याला सांगितलं, तुमची मावशी एकटी बोलते, रिकाम्या खोलीत टकटक करते, न फुटलेल्या बांगड्या झाडते. येऊन बघा.

तो रविवारी गाडी घेऊन आला. चांगला पोरगा, शांत, पण ठरवूनच आलेला. आधी माझ्याकडे आला. "काका, मी मावशीला घेऊन जातोय. खोली सोडायची. तुम्ही पण चला वर, तुमचं ती ऐकते."

"माहं?" मी म्हणालो. "इतके दिवस झाले, ते मले पाणी देते पण बोलत नाई."

वर गेलो. मॅडमनी मिलिंदच्या गालावरून हात फिरवला, दिवाणावर बसवलं, लिंबाचं सरबत केलं. त्यानं सांगितलं, नवीन घर घेतलंय, तुला वेगळी खोली आहे, बाल्कनी आहे, दवाखाना जवळ. मॅडम ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी आली तं ते एकटी राहीन."

"मावशी." मिलिंदनं डोळे मिटले आणि उघडले. "मोठी मावशी गेली."

"हो. म्हाईत हाये मले. मसनात मीच नेली ना." मॅडमनी सरबताचा पेला त्याच्याकडे सरकवला. "पण खोली शिकाले तिले सा महिने लागले रे. आता कुठं हात लावल्याशिवाय चालून राह्यली. आता तिले सोडून जाऊ?"

"वस्तू हलतात त्या उतारामुळे. ही खोली बिल्डरनं नीट बांधली नाही. काका, तुमच्याकडे बेअरिंगचा छर्रा असेल?"

माझ्या खिशात असतोच. त्यानं तो खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवला आणि बोट काढलं. छर्रा क्षणभर थांबला आणि गॅलरीकडे घरंगळत निघाला. गॅलरीच्या उंबऱ्याला टक् करून लागला आणि तिथंच राहिला.

"बघितलंस?" मिलिंद म्हणाला. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, उलट हळू बोलला, जखमेला पट्टी बांधताना बोलतात तसा. "उतार तिकडे आहे. वस्तू आपल्या आपण तिकडे जातात. एवढंच आहे हे."

बारा वाजले होते. वीज गेलेली होती, पंखा थांबलेला, दारं-खिडक्या बंद, बाहेर वारा नाही. आम्ही तिघं बसलो होतो. मी मनात म्हटलं, आज तरी काही होऊ नये. आणि मनातच म्हटलं, होऊ दे.

पेटी हलली.

गॅलरीजवळ होती ती. तिथून निघाली आणि आमच्याकडे आली. छर्रा ज्या बाजूला गेला त्याच्या बरोबर उलट बाजूला. चढावर. वीतभर आली आणि थांबली. मग थोडी वळली, जशी कोणी हातानं कड चाचपावी आणि हाताच्या नादानं वस्तू फिरावी. पुन्हा थांबली. आता ती आमच्यापासून तीन हातांवर होती, आणि दाराकडे जायची वाट आमच्या पायांवरून होती.

मॅडमनी पाय दिवाणाखाली ओढून घेतले.

मी माझे घेतले. मला कोणी सांगितलं नाही.

मिलिंद पेटीकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं उंबऱ्याशी पडलेल्या छर्ऱ्याकडे पाहिलं, परत पेटीकडे पाहिलं. आणि मग हैदराबादच्या त्या इंजिनीअरनं आपले बुटातले पाय, हळूच, एकामागून एक, दिवाणाखाली घेतले.

आम्ही तिघं तसे किती वेळ बसलो कोण जाणे. समोरून काही गेलं असं मी म्हणणार नाही. मला काही दिसलं नाही. फक्त मिलिंदच्या हातातल्या पेल्यातलं सरबत एकदा थरथरलं, आणि ते त्याच्या हातामुळेही असेल.

मग तो बोलला. आवाज लहान झाला होता, सुट्टीत आलेल्या पोराचा असतो तसा.

"मावशी, माझ्याकडची खोली याच्यापेक्षा थोडी मोठी आहे. मोठ्या मावशीला ती शिकायला किती दिवस लागतील?"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. इतके महिने मी ती बाई पाहिली, पण तिचा चेहरा असा सैल पडलेला तेव्हाच पाहिला. "वस्तू याच राह्यल्या तं तीन महिने," त्या म्हणाल्या. "तुह्या बायकोले चालन?"

"मी सांगतो तिला."

"काय सांगशीन?"

मिलिंदनं विचार केला. "की ब्रेक नको."

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. पोशेट्टीनं दिवाण, पेटी, कपाट, स्टुलं उतरवली. प्रत्येक वस्तू उचलायच्या आधी तो तिला हात लावून तेलुगूत काहीतरी म्हणायचा. मी विचारलं तर म्हणाला, "पर्मिशन, सेठ." मिलिंदनं नव्या घराचा नकाशा कागदावर आणला होता. मॅडमनी त्याच्यावर वस्तू कुठं ठेवायच्या ते पेन्सिलीनं काढलं, आणि प्रत्येक दोन वस्तूंमध्ये पावलांचे आकडे. सात. तीन. चार. पोरानं तो कागद वहीत घालून वहीला रबर लावलं.

मॅडम माझ्या दुकानात आल्या. रंगाच्या डब्यावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. मी म्हणालो, "मॅडम, माह्यावर राग राह्यला असन तं..."

"पाटीवर खिळेचा खि ऱ्हस्व," त्या म्हणाल्या. "दुरुस्त करा." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मग त्या परत वर गेल्या, एकट्याच. टेम्पो निघून गेला होता. मिलिंद गाडीजवळ उभा होता, दार उघडून. मी दुकानाच्या पायरीवर होतो, तिथून आमचा जिना खालून वरपर्यंत दिसतो.

मॅडम दारातून बाहेर आल्या. कुलूप दाबून लावलं. आणि जिना उतरायला लागल्या. ती लांब ढांग टाकणारी बाई एकेक पायरी उतरत होती. डावा कोपर शरीरापासून थोडा बाहेर काढलेला, हवेत धरलेला. उजवा हात कठड्याला. आणि प्रत्येक पायरीवर, माझ्याकडे न बघता, कुणाकडेच न बघता, हळू आवाजात त्या म्हणत होत्या, "पायरी." थांबायच्या. "पायरी." थांबायच्या. वळणावर म्हणाल्या, "वळण हाये, भिंत डावीकडं." आणि परत, "पायरी."

दुपारचे बारा होते. रस्त्यावर कोणी नव्हतं. मी फुटपाथवर ठेवलेली प्लास्टिकच्या पाइपांची गुंडाळी उचलून आत घेतली.

शेवटच्या पायरीवर त्या थोड्या जास्त थांबल्या. म्हणाल्या, "संपल्या." मग सपाट जमिनीवरून, तशीच छोटी पावलं टाकत, गाडीपर्यंत गेल्या. मागच्या बाजूला बसल्या, आणि बसून पार पलीकडच्या खिडकीपर्यंत सरकल्या.

मिलिंदनं दार लगेच लावलं नाही. आणखी एका बाईला वाकून, पदर आवरून आत बसायला जितका वेळ लागतो, तितका वेळ तो दार धरून उभा राहिला. मग लावलं.